एकाच प्रवेशाचा व्हिसा

आमच्या घरात सुट्ट्यांचं खातं माझ्याकडे आहे. नवऱ्याने एकदा गॉलवेचं हॉटेल चुकीच्या महिन्याचं बुक केलं आणि तेव्हापासून मी त्याला या कामाला हात लावू दिलेला नाही. विमानं, खोल्या, बस, कुठे किती वाजता काय बघायचं, शाकाहारी काय मिळेल, हे सगळं मी ठरवते, छापून घेते आणि प्लास्टिकच्या फोल्डरात घालून डब्लिनमधल्या ओंगारच्या आमच्या घरात किटलीच्या वरच्या प्रेसमध्ये ठेवते. कपाटाला प्रेस म्हणायची इथली सवय मला कधी लागली ते आठवत नाही. मी एका सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. पेशंटला झोपवण्याआधी जी यादी तपासायची असते ती मी इतक्या वर्षांत एकदाही चुकवलेली नाही, आणि याचा मला चांगलाच गर्व होता.

त्याच प्रेसमध्ये, खालच्या फळीवर, आयरिश नागरिकत्वाचा एक फॉर्म चार वर्षं पडून होता. कोरा. नवऱ्याने त्याचा भरला, शपथ घेतली, पासपोर्ट आणला. मुलगी इथेच जन्मली, तिच्याकडे पहिल्यापासून आयरिश पासपोर्ट आहे. तिघांत मी एकटी भारतीय. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व एकत्र ठेवता येत नाही. एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं. नवऱ्याचा जुना पासपोर्ट रद्द होऊन परत आला तेव्हा त्याचा एक कोपरा कापलेला होता. त्याने तो खणात टाकला आणि चहा टाकायला गेला. मी तो उघडून बघितला आणि कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत बसले. का ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आताही येत नाही.

शिवाय बाबा होते. माझे वडील सांगलीकडच्या एका गावात लाइनमन होते. मला सरकारी कॉलेजात मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा ते खांबावरून उतरून थेट पेढे आणायला गेले, असं आई सांगते. मला ते खरं वाटत नाही, पण ऐकायला बरं वाटतं. नवऱ्याच्या नागरिकत्वाची बातमी मी त्यांना फोनवर सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जावयाचं ठीक हाय." पुढे पाऊसपाण्याचं बोलले. त्या तीन शब्दांवर मी चार वर्षं काढली. जावयाचं ठीक, म्हणजे लेकीचं ठीक नाही, असा मी सरळ अर्थ लावला. नवरा विचारायचा, "फॉर्मचं काय झालं?" मी म्हणायचे, "ड्यूटी संपू दे." ड्यूटी कुणाची संपते का.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही क्रोएशियाला जायचं ठरवलं, म्हणजे मी ठरवलं. समुद्रकाठची जुनी शहरं बघायची: स्प्लिट, त्रोगीर, दुब्रोव्हनिक, आणि तिथून एका दिवसात कोटोर. त्या दोघांना व्हिसा लागत नाही. मला लागतो, कारण आयर्लंडमध्ये राहायची परवानगी असली तरी ती युरोपातल्या बाकीच्या देशांत चालत नाही. आयरिश नवऱ्याची बायको म्हणून अर्ज केला की व्हिसा फुकट आणि झटपट मिळतो. नवरा म्हणाला, तसाच कर. मी म्हटलं, मी अकरा वर्षं इथे माणसं झोपवते आणि उठवते, मी कुणाची बायको म्हणून दारात उभी राहणार नाही. लग्नानंतर मी आडनावही बदललेलं नाही. तेव्हा स्वतःच्या पगाराची कागदपत्रं जोडून स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि व्हिसा मिळवला.

व्हिसाच्या स्टिकरवर एका चौकोनात किती वेळा आत येता येईल तो आकडा असतो. माझ्या स्टिकरवर एक होता. तो मी नीट वाचला आणि बरोबर आहे म्हटलं; आम्ही एकदाच तर जाणार होतो.

स्प्लिटमध्ये एका रोमन बादशहाने निवृत्तीनंतर राहायला बांधलेला राजवाडा आहे, आणि त्या राजवाड्यात आता गाव राहतं. म्हणजे खरोखरच राहतं. संगमरवरी खांबांच्या मध्ये दोरी बांधून कुणाचे तरी टॉवेल वाळत घातलेले, देवळाच्या भिंतीला एसीचा डबा. मला हे बघून आनंद व्हायला हवा होता, पण मी फोल्डर हातात धरून सारखी चुकत होते. फोनवरचा नकाशा म्हणायचा डावीकडे, तिथे भिंत. मुलगी म्हणाली, "आई, वी वेअर हिअर ऑलरेडी." आठ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र शेजारच्या आयरिश पोरांसारखी. नवरा शांतपणे आइस्क्रीम खात होता. त्याला चुकायला आवडतं, आणि त्याचा मला राग येतो.

त्रोगीर मला स्प्लिटसारखं वाटलं आणि दुब्रोव्हनिक त्रोगीरसारखं, फक्त मोठं. कुठे व्हेनिसचा सिंह, कुठे ऑस्ट्रियाचा गरुड, कुठे नुसताच कुणीतरी संत. कोण आधी आलं आणि कोण नंतर, माझ्या डोक्यात सगळा गोंधळ झाला. दुब्रोव्हनिकवर व्हेनिसचं राज्य होतं की नव्हतं यावर मी तटबंदीवर उभी राहून नवऱ्याशी भांडले आणि अखेर आम्ही दोघंही काहीतरी वेगळंच सिद्ध करत होतो असं लक्षात आलं. प्रत्येक गाईड न चुकता स्वतःच्या आजीची गोष्ट सांगायचा: आजी एकाच घरात जन्मली आणि वारली, पण आयुष्यात चार देशांची नागरिक झाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, यांची आजी एकच असणार. तो म्हणाला, "बघ, तिला कुणी फॉर्मसुद्धा भरायला लावला नाही." मी पुढे चालू लागले.

कोटोर मॉन्टेनेग्रोत आहे, आणि तो वेगळा देश आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आयर्लंडचं रेसिडेन्स कार्ड असलं की तिथे वेगळा व्हिसा लागत नाही, हेही मी शोधून फोल्डरात लावलं होतं. तिथे आत कसं जायचं ते मी पाहिलं होतं. तिथून क्रोएशियात परत यायचं म्हणजे क्रोएशियात दुसऱ्यांदा आत यायचं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. सकाळी बसमध्ये गाईडने प्रत्येकाला विचारलं, पासपोर्ट, व्हिसा सगळं आहे ना, परत यायचा पण? मी मुलीला क्रीम लावत होते. म्हटलं, हो हो, सगळं आहे. फोल्डर उचलून दाखवला.

कोटोर छान आहे. डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, मध्ये मूठभर गाव, आणि गावात माणसांपेक्षा मांजरं जास्त. मुलीने सतरा मांजरं मोजली. संध्याकाळी सहाच्या सुमारास बस परत सरहद्दीवर आली. क्रोएशियाच्या बाजूच्या तरुण अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि मला खाली बोलावलं. "युअर व्हिसा इज फिनिश्ड," तो म्हणाला. मी हसून म्हटलं, नाही, अजून पाच दिवस आहेत. त्याने त्या चौकोनावर बोट ठेवलं. एक. मग सकाळच्या बाहेर पडल्याच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.  गेली अकरा वर्षं मी ज्युनिअर डॉक्टरांना ओरडत आले आहे की लेबल वाचलं म्हणजे लेबल कळलं असं नव्हे.

नवरा मुलीला घेऊन खाली उतरला. "शी इज माय वाइफ," तो म्हणाला. अधिकारी म्हणाला, तसं असेल तर काही करता येईल, लग्नाचा कागद आहे का? कागद ओंगारला होता, प्रेसमध्ये. त्याने तिन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. बापलेकीचं आडनाव एक, माझं वेगळं. माझ्या नावात त्या दोघांचा मागमूस नाही. नवऱ्याने फोनमधून लग्नाचे फोटो काढले. मग आतून एक मोठी अधिकारी बाई आली आणि तिने ते फोटो खरोखरच आवडीने पाहिले. माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्यांना काय म्हणतात ते विचारलं. अंतरपाटाचा फोटो दोनदा मोठा करून बघितला. आणि मग म्हणाली, "ब्युटिफुल. बट इट इज नॉट अ डॉक्युमेंट."

ती बरोबर होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

बस खोळंबली होती. आयर्लंडमधल्याच कॉर्कची एक वयस्कर बाई खाली उतरून माझ्याजवळ आली. "अह, यू'ल बी ग्रँड, लव्ह," ती म्हणाली. आयर्लंडमध्ये घर जळत असलं तरी ग्रँड, म्हणजे ठीकच, म्हणतात. तिने पर्समधून चार टी-बॅगा काढून माझ्या हातात कोंबल्या, तिकडचा चहा काही खरा नाही म्हणून. मी थँक्यू म्हटलं आणि आता आपण रडणार असं मला वाटलं, पण तेवढ्यात ठरवायची वेळ आली. सामान दुब्रोव्हनिकला, दुसऱ्या दिवशी दुपारचं डब्लिनचं विमान तिथूनच. नवरा म्हणाला, आपण तिघंही इथेच राहू. मी म्हटलं, वेडेपणा करू नकोस, तिची शाळा आहे, तुझी ऑफिसात मीटिंग आहे, तुम्ही जा, मी मॉन्टेनेग्रोतून इस्तंबूलमार्गे येते. मी हे अगदी ड्यूटी लावल्यासारखं सांगितलं. मनात मात्र वाटत होतं की पोरगी आता मला मिठी मारेल, जाणार नाही म्हणेल, आणि मी तिला समजावेन. तिने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "कॅन आय हॅव द विंडो सो?" मी म्हटलं, हो, घे खिडकीची जागा. बस गेली.

मॉन्टेनेग्रोच्या अधिकाऱ्याने माझं आयर्लंडचं कार्ड पाहून मला परत आत घेतलं. मी टॅक्सीने कोटोरला गेले आणि जुन्या गावात एका बाईच्या घरी खोली घेतली. साठीची असेल ती. कुठून आलात म्हणाली. मी आयर्लंड म्हटलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणून मी इंडिया म्हटलं. बरोबर कोण? नवरा. कुठे आहे? दुब्रोव्हनिकला. सामान? तेही दुब्रोव्हनिकला. तिने माझा हात धरून मला आत नेलं, सूप वाढलं आणि तुटक्या इंग्रजीत सांगितलं की मी इथे हवे तितके दिवस राहू शकते आणि त्याच्याकडे परत जायची अजिबात गरज नाही. मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. व्हिसा, एक, दोन, सरहद्द. ती मान हलवत राहिली. तिच्या दृष्टीने मी मारकुट्या नवऱ्याला सोडून आले होते आणि व्हिसाचं कारण सांगत होते.

विमान दोन दिवसांनी होतं. ते दोन दिवस मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मला भयंकर वाईट वाटायला हवं होतं आणि मी नऊ तास झोपले. सकाळी उठून गावात फिरले. कोटोरच्या गल्ल्या अशा आहेत की कुठूनही निघालं तरी घड्याळाच्या मनोऱ्यासमोर येतं. मी पाच वेळा आले. हातात फोल्डर नव्हता, तो बसबरोबर गेला. कुठे काय बघायचं आहे ते माहीत नव्हतं, म्हणून जे समोर येईल ते बघत होते. एका चर्चच्या पायरीवर बसून समोरच्या घरातली बाई खिडकीत मिरच्या वाळवते आहे हे मी अर्धा तास पाहिलं. कुणाच्याही देशात नसताना मला इतकं हलकं का वाटत होतं? आणि तसं वाटलं की लगेच मुलीची आठवण येऊन अपराधी वाटायचं, मग तिने मागितलेली खिडकी आठवून राग यायचा. आठ वर्षांच्या पोरीचा राग. लाज वाटते, पण आला खरा.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. ती दोघं घरी पोचली होती. मुलीने मांजरांची चौकशी केली, मग स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन विचारलं, "आई, आर दे गोइंग टू लेट यू होम?"

"म्हणजे काय," मी म्हटलं, "माझं घर आहे ते."

"आय नो," ती म्हणाली, "बट आर दे?"

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पर्समधून कार्ड काढलं आणि त्यावरची तारीख पाहिली. अजून सात महिने होते. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिली. खिडकी मागून ती निवांत गेली असं मी धरून चालले होते, आणि ती मात्र सरहद्दीपासून हा प्रश्न घेऊन बसली होती. नवऱ्याला मेसेज केला की तिला काय सांगितलंस तू. त्याने लिहिलं, मी काहीच सांगितलं नाही, तिने सगळं स्वतः पाहिलं.

डब्लिनला युरोपबाहेरच्यांच्या रांगेत मी अकरा वर्षं उभी राहत आले आहे. कंटाळा यायचा, भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी मी रांगेत कार्डावरची तारीख तीनदा तपासली. काचेमागच्या माणसाने कार्ड पाहिलं, सुट्टी कशी झाली विचारलं, मी लांबली म्हटलं, तो हसला आणि मला जाऊ दिलं. बाहेर मुलगी धावत आली आणि माझ्या पोटाला डोकं लावून कितीतरी वेळ उभी राहिली. तिथेच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, माझं ठरलं. देशाबद्दल, निष्ठेबद्दल काही विचार केला असं मी म्हणणार नाही. पोरीला असला प्रश्न पुन्हा पडू नये, एवढंच.

रविवारी सकाळी प्रेसमधून फॉर्म काढला. तो आता चालत नाही, सगळं ऑनलाइन झालं आहे, असं कळलं. लॅपटॉप उघडला, नाव, जन्मगाव, आईवडिलांची नावं भरली आणि तिथेच अडले. बाबांना न विचारता पुढे जाववेना. काय काय बोलायचं ते मी मनात तयार केलं: की मी बदलणार नाही, की हा नुसता कागद आहे, की भारतात यायला मला कायमचं कार्ड मिळेल. नवऱ्याला म्हटलं, मुलीला घेऊन जरा बाहेर जा. मग फोन लावला. तिकडे दुपार होती, मागे टीव्ही चालू होता.

"बाबा, एक सांगायचंय. रागावू नका. मी इथलं नागरिकत्व घ्यायचं म्हणतेय."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "म्हंजी? अजून घेतलं न्हाईस?"

"नाही."

"मला वाटलं, कवाच घेतलंस. जावयानं घेतलं तवाच."

"मी तसं म्हटलं नव्हतं कधी."

"तू न्हाई म्हटलंस. पण आमी धरून चाललो. तुझी आई दोन दिवस धड जेवली न्हाई तवा. मग मीच म्हटलं तिला, पोरगी आता तिकडचीच झाली, सुखात हाय न्हवं, मग झालं की. तुला कशाला इचारून दुखवायचं, म्हणून बोललो न्हाई."

मी तयार केलेलं सगळं तसंच राहिलं. त्यांना दुःख होऊ नये म्हणून मी चार वर्षं थांबले होते, आणि ते दुःख त्या दोघांनी चार वर्षांपूर्वीच, मला न सांगता, स्वयंपाकघरात बसून संपवून टाकलं होतं. एवढी वर्षं मी त्यांची म्हणून राहिले होते आणि हे त्यांना माहीतच नव्हतं. सुटले म्हणावं तर रडू येत होतं. रडावं तर कशासाठी ते कळत नव्हतं.

"आयकतीयास न्हवं?" बाबांनी विचारलं. "मग आजवर तू हुतीस कुठली?"